खडे पोटात, मग डॉक्टर तोंड का बघतात?

मध्यंतरी आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडचे एक काका पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी 'फिटनेस' घ्यायला आले होते. भूल देण्याआधीच्या तपासणीला आमच्याकडे सगळे फिटनेसच म्हणतात, मीही आता तेच म्हणते. फाईल टेबलावर ठेवली, ईसीजी, शुगर, सोनोग्राफी सगळं नीट लावून आणलेलं, आणि मी म्हटलं, काका, तोंड उघडा बघू, मोठ्ठं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काकींकडे बघितलं आणि म्हणाले, "दोतोर, खडे पोटांत आसात न्हय, तोंड कित्याक पळयता?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आणि त्या दिवशी त्याचं उत्तर द्यायला मला पुरेसा वेळ मिळाला नाही, कारण काकांचं तोंड जेमतेम दीड बोट उघडत होतं आणि मी सांगितलं की गुरुवारचं ऑपरेशन गुरुवारी होणार नाही, वेगळी तयारी करावी लागेल. मुलगा चिडला. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, हार्टवाल्या डॉक्टरनी ओके दिलंय, मग तुम्ही अडवता कशाला? मी भूलतज्ज्ञ आहे, असा राग महिन्यातून एकदोनदा तरी बघते आणि त्यात चूक त्या मुलाची नसते, कारण हे कुणी कधी नीट सांगितलेलंच नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भूल दिली की श्वासाचं काय होतं

लोकांना वाटतं भूल म्हणजे गाढ झोप. पण झोपेत आपण श्वास घेत राहतो, कुशीवर वळतो, घोरता घोरता श्वास अडकला तर मेंदू आपल्याला अर्धवट जागं करून मान हलवायला लावतो. पूर्ण भुलीत यातलं काही होत नाही. आधी झोपेचं औषध जातं आणि मग बहुतेक मोठ्या ऑपरेशनमध्ये स्नायू सैल करणारं औषध जातं, कारण पोटात गॅस भरून दुर्बीण घालायची तर पोट ताठ राहून चालत नाही. पण त्या औषधाला पोटाचा स्नायू कुठला आणि श्वासाचा कुठला हे कळत नाही, ते सगळ्यांनाच सैल करतं, छाती थांबते, छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा थांबतो, जीभ मागे पडते, टाळूचा मऊ भाग खाली येतो आणि घशातली वाट मिटते.

तिथून पुढे पेशंटचा श्वास आमच्या हातात असतो, अगदी खरोखरच्या हातात. डाव्या हाताने मास्क तोंडावर घट्ट धरायचा, त्याच हाताची करंगळी जबड्याच्या कोपऱ्याखाली अडकवून जबडा वर उचलायचा आणि उजव्या हाताने पिशवी दाबत राहायची. छाती वर येतेय ना, मास्कच्या आत वाफ धरतेय ना, हे बघत राहायचं. मग घशातून श्वासनलिकेत एक नळी सरकवायची आणि ती मशीनला जोडायची. नाकातोंडापासून फुप्फुसापर्यंतच्या या सगळ्या वाटेला आम्ही एअरवे म्हणतो आणि ज्याच्या बाबतीत मास्कने श्वास देणं किंवा नळी टाकणं कठीण जातं किंवा जाईल असं वाटतं, त्याच्या फाईलवर 'डिफिकल्ट एअरवे' असा शेरा येतो. पुढे मी साधं 'अवघड वाट' म्हणते.

टाकी भरून ठेवायची

उद्या नळाला पाणी येणार नाही असं कळलं की आपण रात्रीच टाकी भरून ठेवतो. आम्हीही तेच करतो. ऑपरेशन टेबलवर झोपवल्यावर तोंडावर मास्क येतो आणि तुम्ही घाबरता, कितीतरी जण नंतर सांगतात की तो गॅस लावला आणि मला गुदमरल्यासारखं झालं. त्यात तेव्हा बेशुद्धीचा गॅस नसतो, नुसता ऑक्सिजन असतो.

हिशोब सोपा आहे. शांतपणे श्वास सोडल्यावरही मोठ्या माणसाच्या फुप्फुसात दोन-अडीच लिटर हवा उरते. ती साधी हवा असेल तर तिच्यात ऑक्सिजन असतो २१ टक्क्यांच्या आतबाहेर आणि शरीर दर मिनिटाला साधारण २५० मिली वापरतं, म्हणजे श्वास थांबल्यावर मिनिट-दीड मिनिटात ऑक्सिजन खाली यायला लागणार. तीच फुप्फुसं तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजनने भरून घेतली तर धडधाकट माणसाला सात-आठ मिनिटं मिळतात. आणि मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत नुकसान सुरू होतं. आमच्या कामातला सगळा थरार या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे.

पण टाकी सगळ्यांची सारखी नसते. फार वजन असलेल्या माणसाला आडवं झोपवलं की पोटाचा भार फुप्फुसांवर येतो, टाकी लहान होते, तिथे आठाची तीनच मिनिटं उरतात. लहान मुलांचा वापर जास्त आणि टाकी छोटी. नऊ महिन्यांच्या गरोदर बाईला दोन जिवांचा वापर, वर पोटाचा दाब, शिवाय घशाला सूज, म्हणून सिझेरियनला पूर्ण भूल द्यायची वेळ आली की आम्ही सगळे जास्तच सावध असतो. तेव्हा मास्क लावला की तोंड फिरवू नका, शांतपणे खोल श्वास घ्या, ती तीन मिनिटं पुढे तुमच्याच कामाला येतात.

नळी जाते कुठे

खाडीकाठच्या खाजन शेताच्या बांधावरची मानस, म्हणजे पाण्याचं फाटक, ज्यांनी बघितलीय त्यांना हे पटकन समजेल. भरती आली की मानशीची लाकडी दारं पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, खारं पाणी शेतात शिरत नाही, ओहोटीला उघडतात आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. आपल्या घशात जिभेच्या मुळाशी असंच एक पानासारखं झाकण आहे. जेवण, पाणी गिळताना ते श्वासनलिकेच्या तोंडावर येतं, घास मागच्या अन्ननलिकेत जातो, एरवी ते उभं असतं आणि हवा ये-जा करते.

आम्हाला जीभ बाजूला करून, ते झाकण उचलून, त्याच्या मागे असलेल्या स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमधून नळी घालायची असते. नळी आतून सात-आठ मिलिमीटरची. अडचण अशी की तोंडाची दिशा आणि घशाची दिशा यात काटकोनाचं वळण आहे आणि प्रकाश काही वळणावरून जात नाही. म्हणून डोकं थोडं उशीवर उचलून, मान विशिष्ट कोनात ठेवून, पुढे दिवा असलेलं वाकडं पातं घालून ते वळण सरळ करायचं. या पात्याला लॅरिंगोस्कोप म्हणतात आणि रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी १९४३ मध्ये दिलेला त्याचा आकार आजही जवळजवळ प्रत्येक ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, वापरला जातो. आता पात्याच्या टोकालाच कॅमेरा असलेले व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आलेत, वळणापलीकडचं स्क्रीनवर दिसतं, खूप फरक पडला त्याने.

नळी गेल्यावर ती बरोबर जागी गेली की चुकून मागच्या अन्ननलिकेत गेली हे कसं कळणार? फुप्फुसातून परत येणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो, पोटातून तो असा येत राहत नाही. मॉनिटरवर प्रत्येक श्वासाला त्याची एक चौकोनी लाट उमटते. ती लाट सलग दिसेपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. लाट नाही तर नळी चुकीच्या जागी असंच धरायचं, छातीवर आवाज ऐकू आला तरी. हे दाखवणाऱ्या यंत्राला कॅप्नोग्राफ म्हणतात आणि माझं स्पष्ट मत आहे की ज्या ओटीत ते नाही तिथे पूर्ण भूल देऊ नये, मग ऑपरेशन कितीही छोटं असो. आहे का म्हणून विचारायला लाजू नका.

अवघड वाट कुणाची

आता काकांच्या प्रश्नावर येते. तोंड मोठं उघडायला सांगितलं की मी तुमच्या दातांमधलं अंतर बघते. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जातात का, आत्ता करून बघा. जात असतील तर छान. दोनच जात असतील तर मी विचार करायला लागते.

मग जीभ बाहेर काढायला सांगते. इथे सगळे सवयीने "आ" करतात आणि मी म्हणते आवाज करू नका, कारण आवाज केला की टाळू वर जातो आणि आहे त्यापेक्षा जास्त जागा असल्याचा भास होतो. आत पडजीभ पूर्ण दिसते, अर्धी दिसते की फक्त जीभच दिसते, त्यावरून श्रेणी ठरते. या तपासणीला मल्लमपाटी असं नाव आहे. शेषगिरी राव मल्लमपाटी, मूळचे आंध्रचे, बोस्टनला काम करणारे भूलतज्ज्ञ. त्यांनी १९८५ मध्ये हे मांडलं तेव्हा तीन श्रेणी होत्या, दोन वर्षांनी दुसऱ्या दोघा डॉक्टरांनी चौथी जोडली. जगात कुठेही जा, भूल देणारा डॉक्टर हे तेलुगू आडनाव रोज दहा वेळा लिहितो, मला याचा फार अभिमान वाटतो.

मग मान मागे टाका, हनुवटी ते गळ्याचा उंचवटा किती अंतर, खालचे दात वरच्या ओठावर आणता येतात का, मानेचा घेर केवढा. आणि मग मी म्हणते, नमस्कार करून दाखवा. लोक खरोखर मला नमस्कार करतात आणि मला अवघडल्यासारखं होतं, पण मी बघत असते ती बोटं. बरीच वर्षं डायबेटिस असलेल्या काही लोकांचे सांधे हळूहळू कडक होत जातात, तळवे जुळवले तरी बोटांच्या मध्ये फट राहते. जे हाताच्या सांध्यांचं झालं तेच मानेच्या वरच्या सांध्याचं झालेलं असू शकतं आणि मग मान मागे जात नाही. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभराच्या पाहणीत डायबेटिसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. तेव्हा हा नमस्कार आपल्याकडे विसरून चालत नाही.

दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही. रात्री जोरात घोरणारा, मधेच श्वास थांबून दचकणारा माणूस मास्कने श्वास द्यायलाही कठीण जाऊ शकतो आणि हे त्याला स्वतःला माहीत नसतं, म्हणून मी नेहमी बायकोला किंवा नवऱ्याला विचारते. घशाला पूर्वी रेडिएशनचा शेक दिलेला असेल, दाढेच्या इन्फेक्शनने हनुवटीखाली सूज आली असेल, दुचाकीवरून पडून जबडा मोडला असेल, या सगळ्यात वाट बदललेली असते.

आणि गुटखा, सुपारी. काकांचं तेच होतं. गोव्यात गुटख्यावर बंदी येऊन कितीतरी वर्षं झाली तरी पुड्या काय मिळायच्या थांबल्या नाहीत. सुपारीने गालाच्या आतली मऊ कातडी हळूहळू दोरखंडासारखी ताठ होते. सुरुवातीला फक्त तिखट सोसत नाही, शागोती खाल्ली की तोंडात आग होते, मग एक दिवस लक्षात येतं की पाव कुस्करल्याशिवाय तोंडात जात नाही. काकी म्हणाल्या, हे गेली चार वर्षं भात बोटांनी दाबून खातात, आम्हाला वाटलं वयामुळे असेल. सुपारी सोडली तर पुढचं नुकसान आणि कॅन्सरचा धोका कमी होतो, पण ताठरलेलं तोंड बहुतेकदा पूर्वीसारखं उघडत नाही. आणि ते स्नायूमुळे आखडलेलं नसतं, म्हणून सैल करण्याच्या औषधानेही उघडत नाही, हे फार महत्त्वाचं आहे. दीड बोट तोंडात माझं पातं घालून नळीला जागाच उरत नाही.

"तपासलं होतं ना, मग आधी का नाही कळलं?"

हा प्रश्न ऑपरेशननंतर येतो आणि तेव्हा फार कडवटपणे येतो. खरं उत्तर असं की तपासणी मदत करते पण भविष्य सांगत नाही. डेन्मार्कमध्ये जवळजवळ १ लाख ८८ हजार पेशंटांच्या नोंदी तपासल्या, २०१५ मध्ये ते छापून आलं. ज्यांच्यात नळी टाकणं कठीण गेलं त्यातल्या ९३ टक्के लोकांमध्ये तसं होईल असं आधी वाटलंच नव्हतं. बाहेरून सगळं सरळ दिसतं आणि आत जिभेच्या मुळाशी गाठ असते किंवा झाकण लोंबतं असतं, ते तोंड उघडून दिसत नाही.

मग तपासायचंच कशाला? कारण जे कळतं ते मोठं असतं. काकांसारखा पेशंट तपासणीशिवाय टेबलवर गेला असता तर झोपवून झाल्यावर कळलं असतं, तेव्हा टाकीतलं पाणी संपायला लागलेलं असतं. आणि जे कळत नाही त्याच्यासाठी प्रत्येक पेशंटला, अगदी सडपातळ विशीतल्या मुलीलासुद्धा, वाट अवघड निघू शकते असं धरूनच तयारी करायची. एवढं वाचून घाबरू नका. ब्रिटनमध्ये एक वर्षभर सगळ्या सरकारी हॉस्पिटलांमधून श्वासाच्या वाटेच्या गंभीर घटनांची नोंद केली होती, २०११ मध्ये अहवाल आला, २९ लाखांच्या आसपास पूर्ण भुलींमध्ये अशा १३३ घटना आणि १६ मृत्यू. साधारण २२ हजारांत एक गंभीर घटना. हे प्रमाण इतकं कमी राहतं ते तयारीमुळे.

एक रस्ता बंद झाला तर

नवा झुआरी पूल व्हायच्या आधी पणजीहून मडगावला निघालो आणि आगशीला गाड्यांची रांग दिसली की शहाणा ड्रायव्हर तिथेच ठरवायचा, थांबायचं की फोंड्यावरून बोरीच्या पुलाने जायचं. रांगेत पुढे पुढे घुसत राहिलेला माणूस मग मागेही येऊ शकायचा नाही. आमचं तसंच आहे. नळी पहिल्यांदा गेली नाही तर काहीतरी बदलून दुसऱ्यांदा बघायचं, मान, पातं, नळीच्या आधी घालायची पातळ लवचिक काठी, आणि नाहीच तर तिसऱ्यांदा. पण प्रत्येक प्रयत्नाने घसा सुजतो, रक्त येतं, आणि सुरुवातीला मास्कने सहज जाणारा श्वासही जाईनासा होतो. म्हणून जगभरात, आणि ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ मध्ये आपल्याकडे घालून दिलेल्या पद्धतीतही, तीन प्रयत्नांवर थांबा असंच आहे.

मग दुसरा रस्ता. घशात मागे जाऊन स्वरयंत्राच्या तोंडावर झाकणासारखा बसणारा एक मऊ मास्क असतो, तो न बघताही घालता येतो. लंडनच्या आर्ची ब्रेन नावाच्या भूलतज्ज्ञांनी ऐंशीच्या दशकात तो तयार केला, त्याने किती जीव वाचले असतील त्याची गणतीच नाही. त्यातून श्वास मिळाला की घाई संपते, पेशंटला उठवून दुसऱ्या दिवशी वेगळ्या तयारीने करता येतं. उठवलं म्हणजे हरले असं नाही, पण आपल्याकडे नातेवाइकांना ऑपरेशन न करता बाहेर आणलं की वाटतं फसवलं, आणि या भीतीने डॉक्टरवर दडपण येतं, ते यायला नको.

आणि तोही रस्ता बंद असेल, मास्क नाही, नळी नाही, ऑक्सिजन खाली येतोय, तर गळ्याच्या पुढच्या बाजूला उंचवट्याखाली जो मऊ खळगा बोटाला लागतो तिथे चीर देऊन थेट श्वासनलिकेत नळी घालायची. हे फार क्वचित लागतं, माझ्या सोबतच्या कित्येकांना आयुष्यात कधी लागलेलं नाही, पण सराव सगळ्यांनी केलेला असावा लागतो. कुणाच्या घरच्या माणसाच्या गळ्यावर अशी जखम दिसली तर आधी विचारा की काय झालं होतं. बहुतेकदा त्या जखमेमुळेच माणूस समोर असतो.

इंग्लंडमधली २००५ ची एक घटना आम्हाला सगळ्यांना शिकवली जाते. दोन लहान मुलांची आई, सायनसचं साधं ऑपरेशन, धडधाकट. भूल दिल्यावर श्वास जाईना. तिथे तिघे अनुभवी डॉक्टर होते आणि ते तिघे नळीच घालत राहिले, वीस मिनिटं. गळ्यातून वाट करायचं सामान एका सिस्टरने आणून ठेवलं होतं, सांगितलंही होतं, पण ऐकलं गेलं नाही. ती बाई १३ दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन ब्रोमिली विमानाचा पायलट होता. त्याने कुणाला शिक्षा करा म्हटलं नाही, तो म्हणाला आमच्याकडे कॉकपिटमध्ये असं का घडलं ते तपासतात आणि ज्युनियरलाही थांबवायचा हक्क असतो, तुमच्याकडे का नाही. त्याने त्यासाठी संस्था काढली आणि आज माझ्या ओटीत सिस्टर मोठ्याने म्हणते, मॅडम, तीन झाले. ती म्हणते म्हणून मी थांबते. माझी नजर तेव्हा त्या एका फटीवर खिळलेली असते, मला वेळेचं भान नसतं, आणि मी हे अनुभवाने सांगतेय.

जागेपणी नळी? म्हणजे छळच की

काकांसाठी आम्ही ठरवलं ते हे. वाट आधी पक्की करायची आणि मग झोपवायचं. तोंडातून जागा नाही, तर नाकातून, पेन्सिलीपेक्षा बारीक लवचिक दुर्बिणीवर नळी चढवून. मुलगा म्हणाला, जागं ठेवून? माझ्या बाबांना? मी त्याला सगळं सांगितलं आणि खरं म्हणजे त्याचा राग तिथेच उतरला.

त्या सकाळी काकांना आधी लाळ कमी करणारं इंजेक्शन दिलं, नाकात थेंब घातले, मग पंधरा मिनिटं वाफेसारखं बधिर करणारं औषध ओढायला दिलं. काका म्हणाले जीभ जाड झाली, बोलताना शब्द अडखळायला लागले, तेव्हा समजलं की बधिरपणा चढतोय. शिरेतून थोडं शांत करणारं औषध, पण एवढंच की हाक मारली तर डोळे उघडतील आणि श्वास स्वतःचा चालू राहील. सगळा डाव त्यावरच असतो, श्वास त्यांचा चालू असेपर्यंत आम्हाला वेळेची चिंता नाही.

दुर्बीण नाकातून आत गेली, स्क्रीनवर गुलाबी भिंती, मग ते पानासारखं झाकण, त्याच्या मागे दोन पांढऱ्या पट्ट्या, श्वासाबरोबर उघडताहेत, मिटताहेत. काका, मोठा श्वास घ्या. पट्ट्या रुंद झाल्या आणि मी आत गेले. एकदा जोरात खोकले, डावा हात उचलला, सिस्टरने तो हातात धरून ठेवला. आत श्वासनलिकेच्या कड्या दिसतात, माडाच्या खोडावर असतात ना एकाखाली एक, अगदी तशा, आणि खाली वाट दोन फुप्फुसांकडे फुटते. तिथपर्यंत जाऊन दुर्बिणीवरून नळी सरकवली, मॉनिटरवर लाट आली, एक, दोन, तीन. मग झोपेचं औषध. सगळं मिळून पाऊण तास, त्यातला नळीचा भाग दोन-तीन मिनिटांचा.

दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "खोंकली आयिल्ली, मागीर कांय याद ना." म्हणजे खोकला आला होता, नंतरचं काही आठवत नाही. सगळ्यांना असंच वाटतं असं मी म्हणणार नाही, काहींना कडू चव आणि घशातली ओढ लक्षात राहते, नाकातून थोडं रक्त येतं. पण ज्यांची वाट अवघड आहे हे आधी माहीत आहे, त्यांच्यासाठी यासारखं सुरक्षित दुसरं फार काही नाही.

"कमरेत इंजेक्शन देऊन करा ना"

जिथे जमतं तिथे आम्ही आनंदाने करतो. पायाचं, हर्नियाचं, सिझेरियन, बरीचशी कमरेतल्या इंजेक्शनवर होतात. पण त्याने अवघड वाट सोपी होत नाही, फक्त आपण तिच्यावरून जायचं टाळतो. कधी ते इंजेक्शन पुरेसं लागत नाही, कधी बधिरपणा छातीपर्यंत चढतो, कधी ऑपरेशन लांबतं, आणि मग मध्येच पोट उघडं असताना तीच वाट धरावी लागते. म्हणून कमरेतल्या इंजेक्शनलाही आम्ही तोंड बघतोच.

आणखी एक ऐकते, दहा वर्षांपूर्वी मोठं ऑपरेशन झालं तेव्हा काही त्रास झाला नव्हता. ऐकून बरं वाटतं, पण दहा वर्षांत वजन वाढतं, शुगर लागते, दाढा हलायला लागतात. तोंड आज जसं आहे तसंच बघावं लागतं.

नळी काढताना

लोकांना वाटतं ऑपरेशन संपलं की झालं. त्याच ब्रिटनच्या नोंदींमध्ये साधारण एक तृतीयांश घटना शेवटी, जागं करताना किंवा नंतरच्या खोलीत घडलेल्या होत्या. घसा सुजलेला असतो, औषधाचा अंमल थोडा उरलेला असतो. म्हणून अवघड वाटेच्या माणसाची नळी आम्ही घाईने काढत नाही. तो पूर्ण जागा व्हावा, सांगितल्यावर हात घट्ट दाबावा, मान उचलावी, मग. कधी रात्रभर आयसीयूत नळी तशीच ठेवतो. ऑपरेशन चार वाजता संपलं आणि पेशंट अजून का आणला नाही म्हणून दारावर थापा मारू नका, काकांना आम्ही सव्वातास तिथेच ठेवलं होतं. आवाज बसणं, घसा दुखणं दोन-तीन दिवस चालतं, त्यापेक्षा जास्त राहिलं तर मात्र येऊन दाखवा.

तुम्ही आम्हाला काय सांगायचं

पूर्वी कधी भुलीनंतर डॉक्टर म्हणाले असतील की नळी टाकायला त्रास झाला, दात हलला, ओठ फुटला, ऑपरेशन पुढे ढकललं, ते सांगा. लोक हे लपवतात किंवा महत्त्वाचं नाही म्हणून विसरतात. सुपारी, गुटखा खाता का याला सासऱ्यांसमोर नाही म्हणायचं असेल तर नंतर एकटे येऊन सांगा, मी कुणाला सांगणार नाही. पहाटे दोन घोट दूधवाला चहा घेतला असेल तर सांगा, वजन कमी करायचं इंजेक्शन चालू असेल तर सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर फार वाईट. कवळी, हलणारा दात, घोरणं, सगळं.

आणि वाट अवघड निघाली असेल तर डिस्चार्जच्या वेळी भूलतज्ज्ञाकडून लिहून मागा. मास्कने श्वास जात होता का, कशाने प्रयत्न केला, किती वेळा, शेवटी कशाने नळी गेली, तारीख. ऑपरेशनचा सारांश वेगळा असतो, त्यात हे बहुतेकदा नसतं. काकांना मी पान भरून लिहून दिलं, सोप्या अक्षरात. काकींनी ते सरकारी आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्ड आणि शुगरच्या वहीच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि मुलाने तिथेच उभ्या उभ्या त्याचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवला, पुण्याच्या बहिणीलासुद्धा, म्हणाला रात्री-अपरात्री १०८ बोलवायची वेळ आली तर फाईल कोण शोधत बसणार.